हात खिशात ठेवून करावयाची प्रवाळ-चिकित्सा

ही मार्गदर्शिका न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया वगैरे परगण्यांतल्या अशा मराठी गृहस्थांसाठी आहे, ज्यांनी तळघरात पाऊणशे गॅलनची खाऱ्या पाण्याची टाकी मांडली आहे आणि ज्यांच्या टाकीतलं एक प्रवाळ गेल्या मंगळवारपासून बरं दिसत नाही. भारतातल्या वाचकांनी ती केवळ करमणूक म्हणून वाचावी. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत, खडक बांधणारी सगळी प्रवाळं बसवलेली आहेत. पुण्यात कुणी तुम्हाला अ‍ॅक्रोपोरा ‘करून देतो’ म्हणाला, तर चिंता प्रवाळाच्या नव्हे, स्वतःच्या प्रकृतीची करावी. अमेरिकेत मात्र तोच प्राणी थर्मोकोलच्या खोक्यात, उबेच्या पुडीसकट, कुरिअरने दारात येतो. ‘होमव्रेकर’ नावाचं एक अ‍ॅक्रोपोरा इथे खरोखर विकलं जातं. बोटाच्या पेराएवढ्या तुकड्याची किंमत ऐकली की नाव ठेवणारा माणूस सज्जन होता हे पटतं.

साहित्य

रिफ्रॅक्टोमीटर आणि तो जुळवून घेण्यासाठी ३५ पीपीटीचं प्रमाणित द्रावण. अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट आणि फॉस्फेट मोजण्याचे संच, मुदत न संपलेले. दोन थर्मामीटर, कारण एकावर विश्वास बसतो. लाल प्रकाशाची टॉर्च. प्लास्टिकची दोन भांडी, जी स्वयंपाकघरात परत जाणार नाहीत. हाडं कापायची कात्री, घट्ट सुपरग्लू, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. एक वही. एक खुर्ची. आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या सासूबाई मिळाल्यास खुर्चीत त्या. त्यांचा उपयोग पुढे कळेल.

पहिली पायरी: आजारी कोण आहे ते ठरवा

नवशिका रात्री साडेनऊला, टाकीवर निळे दिवे असताना, काचेला नाक लावून निदान करतो. नाटकात निळा स्पॉट पडलेला असताना नटाच्या रंगावरून कावीळ ठरवावी, तसा हा प्रकार. निळ्या प्रकाशात प्रवाळाच्या अंगातली काही प्रथिनं आपोआप झळकतात. अर्धमेलं प्रवाळही त्या उजेडात नवरीसारखं सजलेलं वाटतं. आधी पांढरा दिवा लावा, पाणी ढवळणारे पंप पाच मिनिटं थांबवा, मग बघा.

आता आजार आणि रुसवा वेगळे करा. लेदर कोरल, शास्त्रीय नाव सार्कोफायटन, अधूनमधून सगळे पॉलिप आत ओढून घेतं, अंगावर मेणचट थर आणतं आणि कित्येक दिवस तसंच बसून राहतं. मग तो थर सुटून जातो आणि आतून ताजंतवानं प्रवाळ बाहेर येतं. त्यावर उपाय म्हणजे जरा जोराचा प्रवाह, बस्स. पण एवढ्या दिवसांत नवशिक्याने त्याची जागा तीनदा बदललेली असते, दोनदा औषधात बुचकळलेलं असतं आणि एकदा मित्रमंडळींना ‘गेलं’ असं कळवूनही झालेलं असतं.

हॅमर कोरलचं दुखणं पुष्कळदा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचं असतं. समुद्रफूल नसलं की क्लाउनफिश हॅमरलाच घर समजून त्यात दिवसभर लोळतो; प्रवाळ वैतागून अंग आखडून घेतं. यावर औषध नाही. पाहुणा घर सोडणार नाही, आणि मुलांनी त्याचं नाव निमो ठेवलेलं असल्यामुळे त्याला तुम्हीही काढू शकणार नाही.

खरा आजार असा दिसतो. मांस सुटून खालचा पांढराशुभ्र सांगाडा उघडा पडलेला. किंवा मांस शाबूत, पण रंग उडालेला. किंवा उलट, सगळा रंग जाऊन चहाच्या चोथ्यासारखा तपकिरीपणा. किंवा तोंडं सताड उघडी. किंवा हॅमरच्या एखाद्या बोंडावर तपकिरी, लिबलिबीत, नाक मुठीत धरायला लावणारा फेस. शेवटचं दिसलं तर मधलं सगळं सोडून थेट पाचव्या पायरीवर जा.

दुसरी पायरी: संशयिताची जबानी

संशयित तुम्ही. गेल्या पंधरा दिवसांत टाकीत काय काय केलं, ते वहीत लिहा. नवशिक्याचं पहिलं उत्तर ‘काहीच नाही’ असं असतं. थोडं थांबावं. मग येतं, ‘म्हणजे तसं काहीच नाही, फक्त दिवा जरा वाढवला. आणि फॉस्फेट शोषणारे दाणे घातले. आणि नायट्रेट फार होतं म्हणून वोडका.’

वोडकाचं ऐकून घाबरू नका, हा मान्य उपचार आहे. साधी, बिनस्वादाची वोडका रोज काही थेंब टाकली की पाण्यातले जीवाणू ती खाऊन वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट ओढून घेतात, आणि मग प्रोटीन स्किमर त्या जीवाणूंनाच फेसाबरोबर बाहेर काढतो. पद्धत चोख आहे. फक्त मात्रा चुकली की पाणी दुधाळ होतं, रात्री प्राणवायू कमी पडतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं हलवू लागतात. सासूबाईंनी बाटली आणि पिचकारी एकत्र पाहिली तर त्या म्हणतील, ‘जावईबापू, तुम्ही घेता ते घ्या, त्या मुक्या जिवांना कशाला सवय लावता?’ प्रश्न वरकरणी अज्ञानाचा असला तरी त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करून पाहावा. बहुतेकदा उत्तर सापडत नाही, कारण नायट्रेट ‘फार’ म्हणजे आठ पीपीएम होतं.

गोड्या पाण्यातल्या टाकीतून इकडे आलेल्या माणसाला नायट्रेट म्हणजे घाण वाटते आणि शून्य म्हणजे परीक्षेतले शंभर. प्रवाळाच्या मांसात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतं. त्या भाडेकरूलाही खत लागतं. नायट्रेट दोन ते दहा पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम एवढं असू द्यावं. दोन्ही शून्यावर नेलीत, तर प्रवाळ फिकट पडतं आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेट नावाचा शेंबडासारखा, बुडबुडेवाला तपकिरी थर चढतो. तो घालवण्यासाठी पुढचे चार महिने लागतात आणि नायट्रेट विकत आणून घालावं लागतं. होय, तेही बाटलीत मिळतं.

आता एक प्रकरण जरा सविस्तर पाहू, कारण मराठी घरांत ते दरवर्षी भाद्रपदात घडतं. तळघरात गणपती बसलाय. एसी चालू, खिडक्या बंद, आरतीला तीस माणसं. तीस माणसं श्वास घेतात आणि सोडतात. ‘घालीन लोटांगण’पर्यंत खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो, तो टाकीच्या पाण्यात विरघळतो आणि पीएच ८.२ वरून ७.८ वर उतरतो. प्रवाळाला याचं फारसं काही वाटत नाही. यजमानाला वाटतं. तो प्रसादाची वाटी खाली ठेवून पीएच वाढवायची पावडर घालतो. पावडरीने पीएच तासाभरापुरता चढतो; खोलीतली हवा तीच असल्यामुळे पुन्हा उतरतो. तो पुन्हा पावडर घालतो. पीएच होता तिथेच राहतो, पण प्रत्येक डोसामागे अल्कलिनिटी मात्र चढत जाते, आठ डीकेएचवरून अकरावर. अनंत चतुर्दशीपर्यंत अ‍ॅक्रोपोराची टोकं भाजल्यासारखी पांढरी पडतात. उपाय: खिडकी उघडणे. हा उपाय फुकट असल्यामुळे कुठल्याही डबीवर छापलेला नसतो.

तिसरी पायरी: मोजणी

पाणी मोजण्याआधी काहीही टाकायचं नाही. हे वाक्य जाड अक्षरात लिहून टाकीवर चिकटवावं, असं आम्हाला वाटत होतं. पण दिव्याच्या उष्णतेने कागद गळून पाण्यात पडतो.

सुरुवात खारेपणापासून. पातळी ३५ पीपीटी, म्हणजे घनतेत साधारण १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून ३५ वर खरं बोलेलच असं नाही. म्हणून ते प्रमाणित द्रावण. निम्मे आजार इथेच सापडतात. हिवाळ्यात घर गरम ठेवायची भट्टी चालू असते, हवा कोरडी होते, टाकीतलं पाणी भराभर उडतं आणि मीठ मागे राहतं. शिरोड्याच्या मिठागरांजवळ वाढलेल्या सासूबाईंना हे शिकवावं लागत नाही. काठावरची पांढरी खपली नखाने खरवडून त्या सांगतील, ‘पाणी आटलंय हो, बोटभर.’ भर घालताना गोडं पाणी घाला, खारं नव्हे. आणि नळाचं तर नाहीच: त्यात क्लोरामाइन असू शकतं, कधी फॉस्फेट, आणि जुन्या नळांतून उतरलेलं तांबं. तांब्याच्या कलशातलं पाणी तुम्ही प्या. प्रवाळाला आणि कोळंबीला ते विष आहे. आरओडीआय यंत्रातून गाळलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असलेलं पाणीच वापरा.

मग अल्कलिनिटी. खुल्या समुद्रात ती सातच्या आसपास असते, टाकीत आठ-नऊ ठेवतात. आकड्यापेक्षा तो स्थिर राहणं मोलाचं. साडेसातवर वर्षभर सुखाने राहिलेलं प्रवाळ एका दिवसात नऊवर नेलं तर मांस सोडायला लागतं. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. मॅग्नेशियम कमी असेल तर कॅल्शियम आणि अल्कलिनिटी कितीही घाला, दोघं मिळून चुना होऊन हीटरवर आणि पंपांवर बसतात, आणि नवशिका संचाला दोष देतो.

या तिन्हीची भरपाई करायला बाजारात रंगीत लेबलांच्या बाटल्या आहेत. आत बहुतेक ओळखीचीच मंडळी निघतात. अल्कलिनिटीसाठी खायचा सोडा. आणि ज्याला इथले लोक जर्मन नावाने ‘कल्कवासर’ म्हणतात आणि गंभीर चेहऱ्याने बोलतात, ती निव्वळ चुन्याची निवळी. चुना पाण्यात ढवळायचा, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं स्वच्छ पाणी रात्री थेंब थेंब सोडायचं. पीएच बाराच्या वर असतो, म्हणून थेंब थेंब. सासूबाईंच्या पानपुड्यातला चुना मात्र वापरू नये. त्यात आणखी काय मिसळलंय ते त्यांनाही सांगता येणार नाही.

तापमान सर्वांत शेवटी घेतलं, कारण ते सर्वांत आधी बघायला हवं होतं. २५-२६ अंश. समुद्राचं पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाच्या वर एक अंश चढून काही आठवडे तिथेच राहिलं, तरी प्रवाळ आपलं शैवाल बाहेर टाकून पांढरं पडतं. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या अशा चौथ्या महाविरंजनाची घोषणा झाली. त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपची प्रवाळंही पांढरी पडली. समुद्राला जे साधायला आठवडे लागतात ते तुमचा अडकलेला हीटर शनिवारच्या एका रात्रीत साधतो. म्हणून हीटरच्या स्वतःच्या बटणावर विसंबू नका, बाहेरून दुसरा नियंत्रक लावा.

आणि पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे. बारकाईने बघा: मांस पारदर्शक होऊन सांगाड्यावर आहे ना? मग प्राणी जिवंत आहे, भाडेकरू तेवढा गेलाय. दिवा कमी करा, रात्री बारीक अन्न द्या आणि काही महिने विषय काढू नका. भारतातून कुणीतरी प्रवाळ पिष्टी पाठवायची तयारी दाखवेल. आभार मानावेत. प्रवाळाला प्रवाळाचीच पूड चारणं शिष्टाचारात बसत नाही.

चौथी पायरी: रात्रपाळी

टाकीतले गुन्हे रात्री दोन ते चारच्या दरम्यान घडतात. त्या वेळी तुम्ही झोपलेले असता. पण नुकत्याच उतरलेल्या सासूबाईंना पहिले दहा-बारा दिवस याच वेळी टक्क जाग असते. त्यांना खुर्ची आणि लाल टॉर्च द्या. लाल उजेड बहुतेक निशाचरांना जाणवत नाही. सकाळी चहाबरोबर अहवाल मिळतो: ‘ते हिरवं फुलं-फुलं आहे ना, त्याने रात्री लांब लांब दोरे बाहेर काढले. शेजारच्याच्या अंगावर फिरवत होतं. दिवसा अगदी सभ्य!’ हे गॅलेक्सिया. त्याचे झाडू-तंतू वीतभरही लांबतात आणि ज्याला लागतील त्याचं मांस जळतं. त्याला हात-दीड हात लांब हलवा. प्रकरण मिटलं. ज्यासाठी तुम्ही तीन औषधं मागवली होती, ते हेच.

इतर रात्रीचे संशयित: मॉन्टिपोरा खाणारी, तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी गोगलगाय, अ‍ॅक्रोपोराच्या रंगाशी रंग जुळवून त्यावर चरणारा चपटा कृमी, जो दिसत नाही पण त्याने घेतलेले गोल चावे दिसतात. खेकडे दिसले की नवशिका खेकड्यालाच धरतो. खेकडा बहुधा मेलेल्यावर जेवायला आलेला असतो.

याच दहा दिवसांत सासूबाई माशांना कुरमुरे घालत होत्या, हे नंतर उघडकीस येईल. पिवळा टँग त्यांच्या हातावर का येतो हे कोडंही त्याबरोबर सुटेल. थांबवा, पण हळुवार. रात्रपाळीला दुसरं कुणी मिळणार नाही.

पाचवी पायरी: बुडवणी आणि शस्त्रक्रिया

हातमोजे आणि चष्मा घालून मगच पुढचं वाचा. इथे विनोद थोडा बाजूला ठेवतो. झोअँथिड आणि पॅलिथोआ या जातींपैकी काहींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या अतिजहाल विषांपैकी एक. १९७१ साली हवाई विद्यापीठातल्या रिचर्ड मूर आणि पॉल शॉयर यांनी ते माउई बेटावरच्या हानाजवळच्या पॅलिथोआतून वेगळं काढलं. हे प्रवाळ चिकटलेला खडक ‘साफ करायला’ उकळत्या पाण्यात टाकल्यामुळे, त्या वाफेने घरातली सगळी माणसं आणि कुत्री इस्पितळात गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. खडक उकळू नये. घासू नये. त्यावर गरम पाणीही ओतू नये. कापताना तुषार डोळ्यात जाऊ देऊ नये. छातीत धडधड, तोंडात धातूची चव, ताप असं काही वाटलं तर डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द लिहून द्यावा.

आता बुडवणी. टाकीतलंच पाणी भांड्यात घेऊन त्यात औषध, आणि त्यात प्रवाळ ठरलेली मिनिटं. आयोडीनचं द्रावण जखमेसाठी. कृमींसाठी शौकीन मंडळी बागेतलं कीटकनाशक वापरतात. डबीवर गुलाबाचं चित्र असतं, म्हणून ते भांडं आणि ते पाणी टाकीत कधीही जाऊ नये. अ‍ॅक्रोपोरावरच्या बारीक लाल किडीसाठी तर कुत्र्यांना हृदयकृमीवर देतात ती मिल्बेमायसिनची गोळी लागते. ती पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि घरी कुत्रा नसताना ती का हवी हे पशुवैद्याला समजावणं हा या छंदातला वक्तृत्वाचा पेपर. त्या गोळीने कोळंब्या आणि खेकडेही मरतात, हे आधी लक्षात घ्या.

एकच बुडवणी पुरत नाही. औषधाने कृमी गळतात, अंडी गळत नाहीत. अंडी सांगाड्यावर, मेलेल्या भागाच्या कडेला असतात. ती खरवडायची, आणि आठवड्याने पुन्हा बुडवायचं, पुन्हा, पुन्हा.

हॅमरवर तो तपकिरी फेस असेल तर प्रवाळ पाण्यात हलवून तो पसरवू नका. पंप बंद, नळीने फेस ओढून बादलीत, मग ते बोंड सांगाड्यासकट कापून टाका आणि उरलेलं आयोडीनमध्ये. फेसाखालचं बोंड वाचवायच्या नादात शेजारची चार जातात.

अ‍ॅक्रोपोराचं मांस तासातासाला वर सरकत सुटत असेल, तर मूळ वसाहत विसरा. सुटण्याच्या रेषेच्या बोटभर वर, निरोगी मांसात कापा. दोन-तीन फांद्या मिळतील. नव्या खड्यांवर सुपरग्लूने चिकटवा, टाकीत वेगवेगळ्या जागी ठेवा. तासाभरापूर्वीचा तळहाताएवढा वृक्ष आता तीन काड्या झालेला असेल. हे यश आहे, घरच्यांना कसंही दिसो.

सहावी पायरी

आठवड्याला एक बदल. दिवा किंवा प्रवाह किंवा डोस, तिन्ही नव्हे. बाकी वेळ हात खिशात. ज्यांच्या घरच्या पायजम्याला खिसे नाहीत त्यांनी हात सासूबाईंच्या देखरेखीखाली ठेवावेत. त्या एव्हाना सरावल्या आहेत: ‘जावईबापू, काल घातलंत ना? मग आज कशाला?’

काही आठवड्यांनी काडीच्या बुडाशी मांस गोंदावर पसरताना दिसेल, पॉलिप बाहेर येतील, आणि टोकं पांढरी पडतील. इथे फार सांभाळायचं आहे. वाढत्या अ‍ॅक्रोपोराची टोकं पांढरीच असतात, कारण नवा सांगाडा पुढे धावतो आणि शैवाल मागून येतं. याच पांढऱ्या टोकांना घाबरून पुष्कळांनी बरं झालेलं प्रवाळ पुन्हा आयोडीनमध्ये घातलं आहे. टोकांवर पॉलिप आहेत का ते भिंगाने बघा. असले तर भिंग ठेवून वर जेवायला जा.

सातवी पायरी: विमा

तीन काड्यांतली एक दुसऱ्या मराठी टाकीवाल्याकडे ठेवायला द्या. तुमची वीज गेली, हीटर अडकला, गणपती आला, तरी जातीचा एक तुकडा शाबूत राहतो. मोबदल्यात तोही त्याचं काही तुमच्याकडे ठेवेल. ते टाकीत घालण्याआधी नीट बुडवा, खडा पालथा करून बघा, कारण त्याच्याकडे एप्टेशिया, म्हणजे तणासारखं पसरणारं समुद्रफूल, झालाय. तुमच्याच तुकड्याबरोबर गेला होता, पण ते त्याला अजून कळलेलं नाही.